चाल काढून म्हण

आमच्या गल्लीतून जाणारी वरात गंगाक्काच्या दारासमोर आली की बँड आपोआप आरती वाजवायला लागायचा. घोड्यावरचा नवरदेव गोंधळायचा, नाचणाऱ्या मित्रांचे हात वरच्या वर थांबायचे, एखादी म्हातारी भाबडेपणानं हात जोडायची. चार घरं पुढं गेलं की पुन्हा मघाचं गाणं, पुन्हा नाच. बाहेरगावच्या वऱ्हाडाला वाटायचं, इथं एखादं देऊळ असावं. देऊळ नव्हतं, गंगाक्का होती.

ही आरतीची प्रथा कशी पडली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लातुरातली ही आमची गल्ली तेव्हा नुसती क्लासेसची झाली होती. घरटी एक क्लास, नाहीतर एक मेस. आमचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान, आणि समोर अक्काचं मुलींचं हॉस्टेल. एका संध्याकाळी रशीदभाईंच्या बँडची वरात आली. हातगाडीवर भोंगा, पुढं माईक घेऊन एक चकचकीत सदऱ्यातला गायक. गाणं तेव्हा सगळीकडे वाजायचं तसलंच. पोरगी नाही म्हणते, पण तिचे डोळे हो म्हणतात, म्हणून हा बहाद्दर तिला उचलून नेणार. अक्का भाकरी थापता थापता तशीच बाहेर आली आणि पिठाच्या हातानं तिनं माईकची वायर धरली.

"काय गायलालास?"

"गाणं, अक्का."

"चाल काढून म्हण."

गायकाला काही कळेना. अक्कानं समजावून सांगितलं, "सूर नगं, ताल नगं. नुसतं बोलून दाखव. मी तुझी मावशी हाय अन् ही माझी पोरगी हाय असं समज."

त्या माणसानं पहिली ओळ कशीबशी बोलून दाखवली. दुसरीला तो चाचरला. तिसरीत उचलून न्यायचं होतं. तिथं त्यानं समोर उभ्या असलेल्या नवरीच्या मामाकडं बघितलं आणि माईक रशीदभाईंच्या हातात दिला.

"तिला इचारलं का?" अक्का म्हणाली.

"किसको?" रशीदभाईंनी विचारलं.

"जिला उचलून न्हेलालाव तिला."

रशीदभाई तीन पिढ्या लातुरात लग्नं वाजवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "अक्का, अपन तो पेट के वास्ते बजाते. पब्लिक बोलती वोच बजाना पडता." मग त्यांनी स्वतःच तोड काढली. तिच्या घराच्या हद्दीत आरती. तेव्हापासून ते चालू झालं.

लोक म्हणायचे, बाई विक्षिप्त आहे. भूकंपानं डोक्यावर परिणाम झालाय, असंही दबक्या आवाजात म्हणायचे. अक्का निलंग्याकडच्या एका खेड्यातली. भूकंपात तिचं अख्खं घर गेलं आणि ती एकटी लातुरात आली, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या विषयावर ती बोलायची नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. पण डोकं म्हणाल तर तिचं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं.

मला स्वतःला गाण्यांचं वेड. दुकानात दिवसभर टेप चालू. झेरॉक्सच्या मशीनचा आवाज ऐकत आयुष्य काढायचं म्हणजे काहीतरी आधार लागतोच की. अक्का नोट्सच्या झेरॉक्स घ्यायला आली की टेपकडं असं बघायची, जणू त्यात झुरळ शिरलंय.

"शोभे, ह्या गाण्यातली बाई कुठंय?"

"ही काय अक्का, सगळं तिच्यावरच तर आहे."

"न्हाई. आधी हिला फळ केली. मग मिठाई केली. आता हा खायला बसलाय. बाई कुठंय?"

"अहो, नुसतं गाणं असतं ते. चाल बघायची आपण. कोण शब्दांकडं लक्ष देतंय?"

"शब्दाकडं लक्ष द्यायचं न्हाई तर घातलेत कशाला? नुसती पिपाणी वाजवा की."

मी चिडून आवाज वाढवायची. पण खरं सांगते, तिनं एकदा चाल काढलेलं गाणं मला नंतर पहिल्यासारखं ऐकताच यायचं नाही. माझी कितीतरी आवडती गाणी त्या बाईनं अशी नासवली. त्याबद्दल मी तिच्यावर बरेच दिवस रागावलेली होते.

तिला सोवळी समजून एकदा शहरातल्या काही भारदस्त बायका तिच्याकडं आल्या. अश्लील गाण्यांविरुद्ध मोर्चा काढायचा होता आणि त्यांना वाटलं, ही आपल्यातली. त्यांची पहिली मागणी होती की तमाशातल्या आणि ठसक्याच्या गाण्यांवर बंदी आणावी, ज्यात बाई स्वतः आपल्या तोंडानं आपली हौस सांगते. अक्कानं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाईनं आपली हौस सांगितली की वंगाळ, अन् बाप्यानं तिचा रस्ता अडवला की प्रेम. असं कसं ओ बाई?" मग उठून म्हणाली, "हौशीला माझी ना न्हाई. फकस्त ती जिची तिनं सांगावी." त्या बायका कपात तसाच चहा सोडून गेल्या. मोर्च्यात अक्काला कुणी बोलावलं नाही.

हॉस्टेलच्या मुली तिला घाबरायच्या आणि तिच्यावर जीवही टाकायच्या. त्यातली अर्चना तिची फार लाडकी. हदगावकडची, घरची कापूस-सोयाबीनची बरी शेती, आणि अख्ख्या घराण्यात बारावीला सायन्स घेणारी ही पहिली मुलगी. डॉक्टर व्हायचं होतं तिला. बोलायची कमी. झेरॉक्स घ्यायला आली की पानं मोजून नीट सारखी करायची, आणि मी काही विचारलं तर हसून "हो काकू" एवढंच म्हणायची. अक्का सगळ्यांना वाढून झालं की तिच्या ताटात हळूच तुपाची धार सोडायची. बाकीच्या मुलींनी पाहिलं तर म्हणायची, "तिला चष्मा लागलाय." हॉस्टेलातल्या निम्म्या मुलींना चष्मे होते.

त्या वर्षी क्लासच्या कोपऱ्यावर काही पोरं उभी राहायला लागली. अर्चना जायला लागली की ती पोरं एक ठरावीक गाणं म्हणायची. हात लावत नव्हती, वाट अडवत नव्हती. नुसतं गाणं. लोकही म्हणायचे, पोरं आहेत, गाणारच. गाणं म्हणायला काय कायदा आहे का?

हे अक्काच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी क्लास सुटायच्या वेळी ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. मीही मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, मला मजा बघायची होती.

अक्कानं त्यातल्या म्होरक्याच्या शर्टाची कॉलर धरली. "म्हण. चाल काढून म्हण."

पाच-पन्नास पोरं-पोरी जमली. क्लासचे सर वरच्या खिडकीतून बघत होते. त्या पोराला दरदरून घाम फुटला. त्यानं अर्धी ओळ म्हटली, आणि सूर काढून घेतल्यावर ती ओळ इतकी ओंगळ वाटली की पुढच्या मुलींनी माना खाली घातल्या. हशा पिकला, पोर रडायला आलं. मला वाटलं, जिंकली अक्का. आणि त्या जिंकण्याच्या भरात ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या अर्चनाला पुन्यांदा गाणं म्हणलास तर बघ. तिला इचारलं होतंस का रे?"

नाव तेवढ्यात बाहेर पडलं. तोवर ते गाणं कुणासाठी आहे हे चार पोरांनाच ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. अर्चना कोण, कुठली, कुणाची. त्याच क्लासमध्ये हदगावचं एक पोरगं होतं. त्यानं ते सुट्टीला घरी गेल्यावर सांगितलं, आणि सांगताना त्यात काय काय मिसळलं ते देव जाणे.

आठवड्याच्या आत अर्चनाचे वडील आले. माधवराव. पांढरंशुभ्र धोतर, हातात रिकामी पिशवी. शांत माणूस होता, आरडाओरडा काही नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

"पोरीला न्यायला आलो, बाई."

"का बरं?" अक्का म्हणाली. "तिनं काय केलं?"

"तिनं काही केलं न्हाई. पण गावात लोक बोलून राहिले ना. आम्हाला दोन पोरी हायत. धाकटीचंही बघावं लागंल."

"गाणं त्या पोरांनी म्हणलं. त्यांच्या बापानं त्यांना न्हेलं का घरी? शाळा हिचीच का बंद?"

"तुमचं बरोबर हाय बाई," माधवराव म्हणाले, अगदी मनापासून. "पण मला गावात ऱ्हावं लागतंय."

अक्का त्यांच्याशी तासभर भांडली. पाया पडायचीच तेवढी राहिली होती. मी दारात उभी होते आणि आत अर्चना पुस्तकं बांधत होती. सगळं बांधून झाल्यावर ती बाहेर आली, अक्कासमोर उभी राहिली आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "मी मागच्या गल्लीनं जायला लागले होते, अक्का. लांब पडायचं, पण पोरं तिकडं यायची नाहीत. मला फक्त परीक्षा द्यायची होती." मग म्हणाली, "तुम्ही मला एकदा इचारायचं तरी."

एवढंच. पाया पडली आणि वडिलांच्या मागं रिक्षात जाऊन बसली. अक्का तशीच उभी राहिली. त्या क्षणी मला तिचा चेहरा बघवला नाही आणि मी दुकानात आले.

त्यानंतर अक्का गप्प झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, पण वाद नाही, टोमणा नाही. माझ्या टेपवर काहीही वाजलं तरी तिचं आपलं झेरॉक्स घेऊन जाणं. तिनं एकदा तरी नाक मुरडावं म्हणून मी मुद्दाम एक भयंकर गाणं लावलं. तिनं ऐकलंच नाही.

लग्नसराई सुरू झाली. रशीदभाईंची वरात आली, अक्काच्या दाराशी थांबली, आरती झाली. अक्का बाहेर आली नाही. पुढच्या वरातीला रशीदभाईंनी आरती न वाजवता मुद्दाम तसलंच एक गाणं जोरात वाजवलं आणि दाराकडं बघत राहिले. दार बंदच. वरात पुढं गेली आणि ते मागं राहून माझ्या दुकानात आले. "भाभी, अक्का बीमार है क्या? गाली भी नहीं दी." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, काही नाही, दमलीय. ते म्हणाले, "हमारा भी बजाने में दिल नहीं लगता फिर."

फोन आला तो आमच्या एसटीडीवर. अर्चनाचा. लग्न ठरलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरलाच नव्हता. "काकू, हळदीला अक्काला घेऊन या," ती म्हणाली. अक्का येणार नाही असं मला वाटलं होतं. तिनं ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "तिनं सोता सांगितलं? खरंच?" 

नांदेडमार्गे हदगाव. लातूरहून एसटीत दिवस मोडतो. अर्धा रस्ता अक्का खिडकीबाहेर बघत बसली. नांदेड सोडल्यावर मात्र, मी काही न विचारता, ती बोलायला लागली.

"आमच्या गावात हळदीला बाप्ये बाहीर काढायचे. मग बाया गायच्या. तुझा टेप लाजंल असलं गायच्या." तिची नि तिच्या जावेची, रुक्मिणीची, जोडी होती. रीत अशी की एकीनं दोन ओळी टाकायच्या, दुसरीनं तिथल्या तिथं जोडून उत्तर द्यायचं. उत्तर नवीनच पाहिजे. मागच्या लग्नातलं पुन्हा म्हटलं की हार. आणि आपल्या ओळींना आपणच उत्तर द्यायचं नाही. "मग त्ये गाणं न्हवं, बडबड." अक्का नवरीकडून टाकायची. नवऱ्याला हात धरून मीच घरात नेईन, असल्या ओळी. आणि रुक्मिण म्हणायची:

"नेशील घरी बाई, आधी दाराला लाव कडी गं,
आईच्या आठवणीनं त्यो रडंल घडी घडी गं."

एवढं सांगून अक्का इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मी डोळे दाखवायला उदगीरला भावाकडं गेले होते. गणपती बुडवून आमच्या घरची सगळी झोपली होती. मालक, दीर, रुक्मिण. सगळ्या गल्लीतल्या बाया." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आता मी ओळ टाकली तर उत्तर कोण देईल गं? म्हणून म्हणत न्हाई. बाया गप झाल्या अन् मग हे भोंगेवाले राहिले नुसते."

मला तेव्हा कळलं की या बाईला गाण्याचा राग कधी नव्हताच. तिला गाण्यावाचून करमत नव्हतं. मला फार रडू आलं, पण एसटीत रडायचं कसं म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

अर्चनाच्या घरी अंगणात मांडव, कोपऱ्यात डीजे, पोरं नाचत होती. हळद माजघरात. अक्का विधवा, म्हणून ती आपणहून दाराशीच बसली. आतल्या बायका हळद लावत होत्या, पण गात कुणीच नव्हतं. गायचं काम डीजेवर सोपवलेलं. जेवणं सुरू झाली तसा डीजे थांबला आणि घरात एकदम रितं रितं वाटायला लागलं. पाटावर बसलेली अर्चना खाली बघत होती.

अक्का दारातूनच म्हणाली, "अर्चना, एक म्हणू का? तू हाव म्हणलीस तर म्हणते. न्हाई म्हणलीस तर गप बसते."

अर्चनानं वर पाहिलं. मग म्हणाली, "हाव. म्हणा."

अक्काचा आवाज मी त्याआधी कधी गाताना ऐकला नव्हता. जाडसर, थोडा फाटका, पण सूर पक्का.

"नवरा माझा लाजाळू, बसलाय उंबऱ्यावरी गं,
हाताला धरून त्याला मीच नेईन घरी गं."

बायका आधी दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया." आणि मग सगळ्या थांबल्या. अक्काही थांबली. उत्तराची जागा मोकळी राहिली. हदगावात तिच्या ओळीला उत्तर कोण देणार? मी मनातल्या मनात जुळवायला लागले, मला एक शब्द सुचेना. अक्का मान किंचित वाकडी करून ऐकत बसली होती, शेजारी कुणी बसलंय आणि ते आता बोलेल अशी.

उत्तर अर्चनानं दिलं. बारीक आवाजात, अडखळत, पण चालीत.

"नेईन त्याला घरी, देईन पाणी प्यायाला गं,
मग सांगीन त्याला, मला जायचं शिकायाला गं."

घर हसण्यानं भरून गेलं. "पोरगी लई हुशार हाय," म्हातारी म्हणाली. टाळ्या पडल्या. आता पुढची पाळी अक्काची होती. तिनं तोंड उघडलं, पण ओळ आली नाही. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि बायकांना वाटलं हसून हसून पाणी आलं.

अर्चना पाटावरून उठली. हळद लागलेली नवरी पाटावरून उठत नाही, पण ती उठली, दाराशी आली आणि दोन्ही हातांनी तिनं अक्काचं तोंड पुसलं. तिचे हात हळदीनं भरलेले होते. अक्काचे दोन्ही गाल पिवळे झाले. बायकांचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि आम्ही परत निघालो. अक्कानं तोंड धुतलं नव्हतं. नांदेडच्या स्टँडवर शेजारच्या बाकावरच्या एका बाईनं तिच्या गालांकडं बघितलं, मग तिच्या मोकळ्या कपाळाकडं, आणि चाचरत विचारलं, "पोरीचं लगीन होतं का?"

"हाव," अक्का म्हणाली. "शिकायला जायची म्हणलाली ती. तिनं सोता म्हणून दाखवलंय."

मी लातूरची गाडी लागली का ते बघायला उठले. हळदीला त्या माजघरात सगळ्या नवरीकडच्याच बायका होत्या. अर्चनाचं ते उत्तर ऐकायला नवऱ्याकडचं कुणीच नव्हतं.